मामाची पिकअप आणि माझी एक्सेल शीट

आमच्या धंद्यात एक वाक्य फार प्रसिद्ध आहे. नवीन पोरगं जॉइन झालं, जुना कोड बघून त्याचे हात शिवशिवायला लागले, की कोणीतरी सिनियर माणूस खुर्ची मागे ढकलून सांगतो, "चालतंय ना? मग हात लावू नको." मला या वाक्याचा पहिल्यापासून राग आहे. हे आळशी लोकांनी शोधून काढलेलं तत्त्वज्ञान आहे असं माझं ठाम मत होतं. होतं म्हणजे आता अगदीच नाही असं नाही, पण २०२३ च्या पावसाळ्यात त्या मताला चांगलाच पोचा पडला. आणि तो पाडला मामाच्या पिकअपने. गाड्यांमध्ये रस नसला तरी वाचा, ऑफिसातलं दुखणं यात बरंच सापडेल.

मामा नारायणगावच्या जवळ राहतो. त्याच्याकडे २०१४ ची डिझेल पिकअप आहे. (मराठीत या गाडीचं नाव आणि तिच्या ताकदीचं नाव एकच आहे, त्यामुळे "पिकअपला पिकअप नाही" हा विनोद मामा दर दिवाळीला करतो. आम्ही दर दिवाळीला हसतो.) हंगामात ती रात्री टोमॅटोचे क्रेट भरून ओतूर, माळशेज, मुरबाड, कल्याण करत वाशीच्या मार्केटला जाते आणि सकाळी रिकामी परत येते. जाऊन-येऊन तीनशेच्या आसपास किलोमीटर. माल लोकांचा, भाडं मामाचं. पासिंग दीड टनाचं, आणि भरतात किती ते मी इथे लिहित नाही, तुम्ही हायवेला बघितलंच असेल. २०२३ च्या मे महिन्यात मीटर ३ लाख ४० हजाराच्या घरात होतं.

३ लाख ४० हजार! माझी स्वतःची कार सात वर्षांत ५८ हजार चालली होती आणि तिला मी दोनदा पॉलिश केलं होतं. मी मामाला विचारलं, "मामा, हिचं शेवटचं मोठं काम कधी केलंत?" मामा म्हणाला, "काम कशाला काढायचं? पळतीय की."

झालं. तेच वाक्य, फक्त जुन्नरच्या बोलीत.

मग मी जे करायला नको होतं ते केलं. शनिवारी सकाळी लॅपटॉप उघडला आणि एक्सेल शीट बनवायला घेतली. डाव्या बाजूला पार्ट, वरती किलोमीटर, चौकोनात रंग. सर्व्हिस मॅन्युअल मिळवलं, चार जणांना फोन केले, आणि रविवारी रात्रीपर्यंत सत्तावीस ओळींचं कोष्टक तयार. त्यातल्या एकोणीस ओळी लाल! म्हणजे एकोणीस पार्ट्सचं "आयुष्य संपलेलं". नोझल (पुस्तकात इंजेक्टर, पण गॅरेजात नोझलच), टर्बो, पाण्याचे सगळे होज पाइप, वॉटर पंप, बेल्ट, टेन्शनर, इंजिन माउंटिंग... मला आठवतंय, शीट पूर्ण झाल्यावर मला खूप समाधान वाटलं होतं. एखादी गोष्ट कोष्टकात बसली की ती आपल्याला कळली असं आम्हा लोकांना वाटतं. व्यावसायिक आजार आहे तो.

मामाला पटवायला दोन रविवार गेले. मे महिन्यात टोमॅटोला भाव नव्हता, शेतकरी माल रस्त्यावर ओतत होते, त्यामुळे भाडीही थंड होती आणि मामाच्या हातात पैसाही नव्हता. मी म्हटलं, गाडी उभीच आहे तर आत्ताच करून घ्या, ऐन हंगामात बंद पडली तर काय कराल? अर्धे पैसे मी घालतो. मामाचा नेहमीचा मिस्त्री, ज्याचं गॅरेज म्हणजे एक चिंचेचं झाड आणि एक खड्डा, तो शीट बघून म्हणाला, "नोझल कशाला काढताय? धूर नाही, मिसिंग नाही, सकाळी अर्ध्या सेल्फला लागतीय." मला वाटलं, याला डेटा काय कळणार. म्हणून गाडी हायवेच्या एका मोठ्या, फरशीवाल्या गॅरेजात नेली. नऊ दिवस आणि ६५ हजार रुपये. परत आली तेव्हा बोनेटखाली सगळं नवंकोरं, काळंभोर. मी फोटो काढले.

जुलै उजाडला. तोच टोमॅटो शंभर रुपये किलोच्या वर गेला. सगळ्या देशात बोंब, पण नारायणगावात गाड्यांना उसंत नाही. आणि त्या गडबडीत एका पहाटे, वाशीला माल टाकून रिकामी परत येताना, माळशेजच्या चढात, धो धो पाऊस आणि पुढचं दिसत नाही असं धुकं, अशात पिकअपच्या वरच्या रेडिएटर होजची क्लिप सैल होऊन पाइप निसटला. नवा पाइप. माझ्या शीटमधली ओळ क्रमांक अकरा.

यातली एक बारीक गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण ती मला माहीत नव्हती. आपल्याला वाटतं, पाणी गेलं की काटा लाल खुणेवर जाणार आणि आपल्याला कळणार. पण तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो. कूलंटच निघून गेलं तर तो वाफेत किंवा नुसत्या हवेत लटकतो, आणि काटा वर चढायच्या ऐवजी खालीसुद्धा येऊ शकतो. त्या रात्री तसंच झालं. काटा खाली आला! गाडी वाचली ती ड्रायव्हरकाकांच्या नाकामुळे. त्यांना कूलंटचा तो गोडसर वास आला, काचेवर आतून ओल धरली, आणि त्यांनी बोगद्याच्या अलीकडे गाडी कडेला घेऊन तत्काळ बंद केली. पाऊण तास थांबले, झाकण उघडायची घाई केली नाही, मग स्क्रूड्रायव्हरने क्लिप आवळून धबधब्याचं पाणी भरलं आणि हळूहळू ओतूर गाठलं. आणखी दोन किलोमीटर रेटली असती तर हेड वाकलं असतं आणि ६५ हजारांवर आणखी तेवढेच गेले असते. नुकसान झालं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशीची खेप चुकली आणि दोन नेहमीचे शेतकरी दुसऱ्याच्या गाडीला गेले, ते त्या हंगामात परत आले नाहीत. शंभराचा भाव रोज नसतो, त्यांची चूक म्हणता येत नाही.

माझी पहिली प्रतिक्रिया अर्थातच गॅरेजला शिव्या. क्लिप नीट आवळता येत नाही? कबूल, चूक त्यांचीच. पण मामा शांतपणे एकच वाक्य बोलला, "जुना पाइप काढला नसता तर क्लिप सैल झाली असती का?" जुना पाइप मी बघितला होता. नऊ वर्षांचा होता, पण दाबला तर लवचिक, कुठे चीर नाही, फुगवटा नाही, टोकाला कूलंटची पांढरट खूण नाही. त्याला काढायचं कारण एकच, चौकोन लाल होता.

या प्रश्नाने मला झोप लागेना, म्हणून वाचायला घेतलं. आणि मग कळलं की मामाचा प्रश्न दुसऱ्या महायुद्धात विचारून झालेला आहे. कॉनरॅड वॉडिंग्टन नावाचा एक ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ होता. युद्धाच्या काळात तो ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये, पाणबुड्या शोधणाऱ्या विमानांच्या कामावर होता. लिबरेटर जातीच्या विमानांची दर ५० तास उड्डाणानंतर ठरावीक तपासणी व्हायची. अपेक्षा काय, तर तपासणीनंतर लगेच बिघाड सर्वांत कमी असणार आणि पुढची तपासणी जवळ येईल तसे वाढत जाणार. आकडे मांडले तर चित्र बरोबर उलटं! तपासणीनंतर लगेचच बिघाड सर्वांत जास्त, आणि मग हळूहळू कमी. म्हणजे तपासणीच, चांगली चाललेली यंत्रणा उघडून-बंद करून, बिघाड घडवत होती. हे सगळं त्याने लिहून ठेवलं, पण पुस्तक छापून आलं ते १९७३ साली.

पुढे १९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या दोघांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी एक अहवाल लिहिला. आपल्याला कॉलेजात जो बाथटबसारखा आलेख शिकवतात ना, सुरुवातीला बिघाड जास्त, मध्ये कमी, म्हातारपणी परत जास्त, तो आलेख त्यांच्या विमानांच्या फक्त ४ टक्के पार्ट्सना लागू पडला. वयामुळे झिजून बिघाड वाढतो असं ज्यांच्याबद्दल म्हणता येईल असे सगळे मिळून ११ टक्के. उरलेल्या ८९ टक्क्यांना "इतके तास झाले, बदला" या नियमाचा उपयोग नव्हता. आणि ६८ टक्के पार्ट्स असे होते की ज्यांचा सर्वांत धोक्याचा काळ म्हणजे नवीन बसवल्यानंतरचा. ओळ क्रमांक अकरा!

इथे एक काळजी घ्यायला पाहिजे, नाहीतर मीही मामाच्या पक्षात जाऊन पताका फडकवायला लागेन. विमान म्हणजे पिकअप नाही. त्या आकड्यांत इलेक्ट्रॉनिक्स आणि गुंतागुंतीचे असंख्य पार्ट्स आहेत. एकमेकांवर घासणाऱ्या साध्या वस्तू झिजतातच. ब्रेकचं लायनर, क्लच प्लेट, टायर, कमानपाट्याचे बुश यांना वय आहे आणि ते किलोमीटरमध्येच मोजतात. रबरी बेल्टला आहे. टायमिंगला बेल्ट असेल तर तिथे शहाणपणा न करता पुस्तकातला आकडा पाळायचा, कारण तो तुटला की बहुतेक इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्हची टक्कर होते. माझी चूक एवढीच की मी सत्तावीस ओळींना एकच फूटपट्टी लावली.

आणि "हात लावू नको" वाले कुठे चुकतात ते सांगायचं तर डिझेलमधल्या पाण्याबद्दल बोलायला पाहिजे. हा माझा आवडता विषय झालाय, बायको म्हणते पाहुण्यांसमोर काढू नकोस.

जुन्या डिझेल इंजिनात खूप काही खपून जायचं. आताच्या, म्हणजे गेल्या दीड-दोन दशकांतल्या कॉमन रेल इंजिनात डिझेल १,६०० बारच्या आसपासच्या दाबाने नोझलमधून मारलं जातं. गाडीच्या टायरमधली हवा दोन ते पाच बार असते, त्यावरून अंदाज करा. एवढा दाब धरून ठेवायचा तर पंपाच्या आणि नोझलच्या हलणाऱ्या भागांत फट किती, तर काही मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. त्यात या भागांना वेगळं ऑइल नसतं, डिझेलच त्यांचं वंगण. त्या जागी पाण्याचा थेंब आला की वंगण संपलं, धातूवर धातू, आणि त्याचा चुरा पुढे सगळ्या नोझलमध्ये. मग पंप, रेल, नोझल असा सगळा संसार बदलावा लागतो आणि जुन्या पिकअपची किंमत नि दुरुस्तीचं बिल यात स्पर्धा लागते.

हे टाळायला काय लागतं? डिझेल फिल्टरच्या तळाला एक छोटी चावी किंवा स्क्रू असतो. पाणी डिझेलपेक्षा जड, ते खाली बसतं. तो ढिला करायचा, बाटलीत थोडं काढायचं, पाण्याचा थर दिसला तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत जाऊ द्यायचं, परत आवळायचं. पाच मिनिटं. खर्च शून्य. पावसाळ्यात दर आठवड्याला. रात्री टाकी अर्धी रिकामी ठेवली की आतल्या हवेतली वाफ गार होऊन पाणी धरते, म्हणून शक्यतो मुक्कामाला टाकी भरून ठेवायची. माझ्या ६५ हजारांच्या शीटमध्ये डिझेल फिल्टर "बदला" अशी ओळ होती, पण "पाणी काढा" अशी नव्हती. कारण ते काम किलोमीटरच्या चौकोनात बसत नव्हतं.

अशी आणखी उदाहरणं आहेत. एअर फिल्टर घ्या. नारायणगावच्या शेतरस्त्यांवर धूळ अफाट, म्हणून काही लोक दर चार दिवसांनी फिल्टर काढून कॉम्प्रेसरची हवा मारतात. त्यात कागदाला बारीक भोकं पडतात, काढता-घालताना धूळ आतल्या बाजूला सांडते, आणि गंमत म्हणजे थोडा मळलेला फिल्टर नव्यापेक्षा जास्त बारीक धूळ अडवतो. म्हणजे इथे फार काळजी हीच धूळ. उलट ऑइलचं. डिझेलचं ऑइल बदलल्यावर शे-दोनशे किलोमीटरमध्येच काळं पडतं, काजळी असते ती, आणि काजळी पोटात धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. काळं दिसलं म्हणून घाबरायचं नाही, पण काळं तर पडतंच म्हणून तारीखही चुकवायची नाही. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो नुसत्या ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगतो. चढ चढून आल्या-आल्या किल्ली फिरवून इंजिन बंद केलं की ते ऑइल तिथेच भाजतं. मिनिटभर न्यूट्रलला चालू ठेवणं हा टर्बोचा सर्वांत स्वस्त विमा. आमच्या रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये इंजिन न उघडता ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत तपासतात, त्यात लोखंड किती, तांबं किती यावरून आत काय झिजतंय ते ओळखतात. रक्त तपासल्यासारखं. हे मला फार आवडलं. पोट फाडून बघण्याआधी रक्त तपासावं ही साधी गोष्ट, पण मी थेट ऑपरेशन केलं होतं.

असो. हे सगळं झालं तांत्रिक. खरी गोष्ट पुढेच आहे आणि ती लिहायला मला थोडी लाजही वाटते.

माळशेजच्या त्या प्रकारानंतरच्या रविवारी मी गावी गेलो. ड्रायव्हरकाका चहा पीत बसले होते. मी शीटचा प्रिंटआउट दाखवून म्हटलं, "काका, यात अजून काही राहिलंय का?" उगीच आपलं विचारायचं म्हणून. त्यांनी चष्मा लावला, सत्तावीसच्या सत्तावीस ओळी बोट ठेवून वाचल्या आणि म्हणाले, "दादा, यात ब्रेक ऑइल नाही."

नव्हतं. इंजिनचं एकूण एक होतं, ब्रेकची लायनर होती, पण ब्रेक ऑइल नव्हतं.

मग ते सांगायला लागले. भरलेली गाडी माळशेज उतरताना, खालच्या वळणांवर, पॅडल मऊ पडतं. पाय पार खाली जातो, दोन-तीनदा मारावं लागतं तेव्हा धरतो. मुरबाडला पोचेपर्यंत सगळं ठीक. किती दिवस झाले? "मागच्या पावसाळ्यापासून." सांगितलं नाही? "शेठला सांगितलं ना. मोठ्या गॅरेजातपण सांगितलं. त्यांनी पॅडल दाबून बघितलं, म्हणले ठीक आहे."

ठीक असणारच. गॅरेजच्या सपाट फरशीवर, थंड गाडीत, ते ठीकच असणार. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, रबरी पाइपांमधूनसुद्धा. डॉट ३ प्रकारचं नवं ऑइल कमीत कमी २०५ अंशांना उकळतं. त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की हा आकडा १४० पर्यंत खाली येऊ शकतो. दोन टन माल घेऊन घाट उतरताना ब्रेक तेवढे तापतात. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, द्रव दाबला जात नाही पण वाफ दाबली जाते, म्हणून पाय खाली जातो आणि चाकाला काहीच पोचत नाही. पुढे सपाटीला गार झालं की बुडबुडे गायब, पॅडल परत कडक. तपासणाऱ्याला काही सापडत नाही. आमच्याकडे अशा तक्रारीवर "इथे तर चालतंय" असा शेरा मारून ती बंद करतात. मी स्वतः कित्येक बंद केल्यात.

चिंचेखालच्या मिस्त्रीने त्याच दुपारी चारही चाकांचं ऑइल काढलं. बाटलीत आलं ते कोऱ्या काळ्या चहासारखं होतं. मामाला आठवत नव्हतं ते कधी बदललं होतं, बहुधा कधीच नाही. नवं ऑइल, एअर काढण्याची मजुरी धरून आठशे रुपये. मी ६५ हजारांची यादी करत होतो तेव्हा हा माणूस दर रात्री ते पॅडल घेऊन घाट उतरत होता. त्याच्या शेजारी बसून मी एकदाही वाशीला गेलो नव्हतो. माझ्या शीटमध्ये गाडीचे सगळे पार्ट्स होते, गाडी चालवणारा कुठेच नव्हता.

म्हणून आता माझं मत, ज्याला जे वाटायचं ते वाटो. जुन्या गाडीच्या देखभालीत पहिला प्रश्न "किती चालली?" हा नसून "चालवणारा काय म्हणतो?" हा असला पाहिजे. आणि तो विचारला जात नाही याचं कारण अज्ञान नाही, हिशेब आहे. मामाच्या दृष्टीने ड्रायव्हरची कुरकुर म्हणजे खर्चाची नांदी. ड्रायव्हरला माहीत असतं की जास्त कुरकुर केली तर दुसरा ड्रायव्हर येईल. गॅरेजला पार्ट बदलण्याचे पैसे मिळतात, ऐकून घेण्याचे नाही. आणि भाच्याला शीट बनवण्यात मजा येते. चौघंही आपापल्या जागी बरोबर आणि पॅडल मऊ. फिटनेसची तपासणी आहे, व्यावसायिक गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, पुढे दर वर्षी. पण वर्षातला तो एक दिवस सोडला तर बाकीच्या रात्री गाडी कोणाच्या भरवशावर असते, ते तुम्हीच बघा.

शिवाय जे घडलं नाही त्याचं श्रेय कोणाला देता येत नाही ही जुनी अडचण आहेच. २००० सालच्या वायटूकेच्या वेळी जगभर लोकांनी दोन-तीन वर्षं जुने प्रोग्रॅम खणून तारखा दुरुस्त केल्या. एक जानेवारीला फारसं काही कोसळलं नाही, तर लोक म्हणाले, बघा, उगाच बोभाटा केला! डिझेल फिल्टरचं पाणी काढणाऱ्या माणसाचं तेच होतं. त्याचा पंप कधी जात नाही, म्हणून त्याला कोणी हुशार म्हणत नाही. रात्री दोन वाजता पंप बदलून गाडी चालू करणाऱ्याला मात्र हार. आमच्या ऑफिसात तर त्याला ईमेलवर शाबासकी मिळते, सगळ्यांना सीसी करून.

एक गोष्ट जाता जाता. २०२० च्या एप्रिलनंतरची, बीएस सहावाली पिकअप असेल तर यातलं काही बदलतं. त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी पकडणारी जाळी असते आणि ती गरम होऊन स्वतःला साफ करते. गाडी रोज चार किलोमीटर चालवून बंद केली तर तिला तेवढी संधीच मिळत नाही आणि ती तुंबते. ऑइलसुद्धा कमी राख सोडणारं, पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच लागतं, दुकानदार देईल ते नाही. म्हणजे "आमच्या आजोबांच्या गाडीला कधी असलं लागलं नाही" हा युक्तिवाद तिथे चालत नाही. मिस्त्रीच्या कानालाही मर्यादा आहे हे मान्य करायला पाहिजे, तुंबणारी जाळी त्याला सुरुवातीला ऐकू येत नाही.

मामाच्या गाडीत आता डॅशबोर्डला सुतळीने बांधलेली दोनशे पानी वही आणि एक पेन आहे. शीट मी फेकली नाही, पण सत्तावीसच्या सात ओळी झाल्या. इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल दोन वर्षांनी, बेल्ट, आणि क्रॉसला नि कमानपाट्यांना ग्रीस. बाकी सगळं वहीवर. काय ऐकू आलं, काय वास आला, कुठे, भरलेली होती की रिकामी, चढ की उतार. काका सुरुवातीला लिहायला तयार नव्हते. "माझं अक्षर बघून हसाल," म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं की वहीत लिहिलेलं शेठला टाळता येत नाही, आणि आता ते लिहितात. मामा मला फोन करून तक्रार करतो की वहीचा खर्च वाढलाय. वाढलाय थोडा, खरं आहे. क्रॉस गेला होता तो पाच-सहाशेत निघाला, एक पाटा तुटलेला सापडला, हँडब्रेकची केबल बदलली. नोझल अजून तेच आहेत. मी घातलेले नवे नाहीत बरं का, त्या वेळी काढलेले जुने साफ करून परत बसवले होते, कारण मिस्त्रीने ऐनवेळी भांडून ते वाचवले होते.

मीटर आता ४ लाखांच्या पुढे गेलंय. मागच्या शनिवारी मी गेलो होतो, तेव्हा वहीत शेवटची नोंद अशी होती : "पुढच्या डाव्या चाकाला घूं आवाज. साठच्या वर येतो. उजवीकडे वळवलं की वाढतो. बेअरिंग असेल. दादांना सांगायचं, पण सांगताना म्हणायचं की बाकी काही काढायचं नाही."

आम्ही जॅक लावून चाक उचललं आणि हाताने फिरवलं. खरखर होती. मिस्त्री म्हणाला, "एवढंच." मी म्हटलं, उजव्या चाकाचंही बघायचं का, दोन्ही एकाच वयाची आहेत. तिघांनीही माझ्याकडे बघितलं. मग काकांनी न बोलता जॅक उजवीकडे नेला, चाक फिरवलं, कान लावला, आणि जॅक खाली घेतला.